सात आसनी गाडीचा एसी : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : आमच्या सात आसनी गाडीत पुढे बसणाऱ्यांना थंडी वाजते आणि शेवटच्या ओळीतले आईवडील व मुले घामाघूम होतात. अधिक क्षमतेचा कॉम्प्रेसर बसवून घ्यावा का? (नागपूर)

उत्तर : कॉम्प्रेसरचा खर्च करू नये. पुढे थंडी वाजते, म्हणजे गारवा तयार होतो आहे; तो मागे पोहोचत नाही, एवढाच दोष आहे. मोठ्या गाड्यांमध्ये मागच्या एसीचे दोन प्रकार असतात. काही गाड्यांत मागे स्वतंत्र कूलिंग कॉइल आणि ब्लोअर असतो, तर काहींत छताजवळचा पंखा गाडीतलीच हवा ओढून मागे ढकलतो. आपल्या गाडीत कोणता प्रकार आहे, हे पुस्तिकेत पाहून घ्यावे. नुसता पंखा असेल, तर पुढची थंड हवा मागे गेल्याशिवाय त्याच्याकडे देण्यासारखे काहीच नसते. त्यासाठी डॅशबोर्डच्या मधल्या झडपा चेहऱ्यावर न ठेवता दोन आसनांमधून छताच्या दिशेने वळवाव्यात आणि पुढचा ब्लोअर वरच्या वेगावर ठेवावा. मागच्या युनिटची हवा ओढण्याची जाळी पिशव्यांनी किंवा पांघरुणांनी झाकली जात नाही ना, हेही पाहावे.

स्वयंचलित एसी असलेल्या गाड्यांत आणखी एक अडचण असते, आणि तिच्याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. तापमान मोजणारा सेन्सर बहुधा चालकाजवळ, डॅशबोर्डमध्ये असतो. पुढे २४ अंश झाले की यंत्रणा काम पुरे झाले असे धरून ब्लोअर मंद करते आणि मागचे लोक तसेच उकडत राहतात. गाडी भरलेली असताना तापमान दोन-तीन अंशांनी खाली लावावे किंवा ब्लोअरचा वेग हाताने ठरवावा. शांत बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. सात जणांची मिळून ती ७०० वॅट होते, आणि मागच्या काचांतून येणारे ऊन वेगळेच.

विदर्भातल्या मे महिन्यात उन्हात उभी राहिलेली गाडी सुरू करताना आधी सर्व दारे आणि मागचे दार उघडून तापलेली हवा बाहेर जाऊ द्यावी. काचा किंचित खाली ठेवून मिनिटभर चालवावे, मग काचा बंद करून आतली हवा फिरवण्याचे बटण दाबावे. मात्र लांबच्या प्रवासात अधूनमधून काही मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी. सात जणांच्या श्वासाने बंद गाडीत कार्बन डायऑक्साइड वाढतो आणि चालकाला पेंग येऊ शकते.

प्रश्न : दर उन्हाळ्याच्या सुरुवातीला गॅस भरावा लागतो. हे स्वाभाविक आहे का? (मुंबई)

उत्तर : नाही. एसीचा गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांतून फिरत राहतो. रबरी नळ्यांतून वर्षानुवर्षे थोडा झिरपतो हे खरे, पण दरवर्षी संपत असेल तर कुठेतरी लीकेज आहे. गॅसबरोबर तेलही फिरत असल्याने गळतीच्या जागी तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ चिकटून काळपट खपली धरते. नळ्यांचे सांधे, कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणारी, रेडिएटरपुढची जाळी) दगड लागणारा खालचा भाग आणि कॉम्प्रेसरचे तोंड विजेरीच्या उजेडात तपासावे. मागे स्वतंत्र कॉइल असलेल्या गाड्यांत लांब ॲल्युमिनियमच्या नळ्या गाडीच्या पोटाखालून जातात. किनारपट्टीच्या खाऱ्या हवेत आणि चिखलात त्या पोखरल्या जातात, म्हणून गाडी वर उचलून त्या पाहण्याचा आग्रह धरावा.

मेकॅनिकला आधी नायट्रोजनच्या दाबाने किंवा रंगद्रव्याने लीकेज शोधायला सांगावे. दुरुस्तीनंतर किमान अर्धा तास व्हॅक्यूम करून आतली हवा व ओलावा काढावा आणि मगच गॅस भरावा. तोही वजन करूनच. किती ग्रॅम भरायचा, ते बहुधा बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेले असते, आणि मागे कॉइल असलेल्या गाडीला तो अधिक लागतो. गॅस जास्त भरला तर दाब वाढून गारवा उलट कमी होतो. आर-१३४ए आणि नव्या काही गाड्यांतला आर-१२३४वायएफ हे गॅस एकमेकांत मिसळू नयेत. गळती बुजवणारी रसायने आत सोडण्यास माझा स्पष्ट विरोध आहे, कारण ती बारीक मार्ग तुंबवतात.

प्रश्न : महामार्गावर उत्तम गारवा मिळतो, सिग्नलला थांबलो की गरम हवा येते. घाटातही कधी कधी तसेच होते. (पुणे)

उत्तर : गाडी धावताना समोरचा वारा कंडेन्सरला थंड करतो, थांबल्यावर ते काम पंख्यावर येते. एसी लावून बॉनेट उघडावे आणि पंखा सुरू होऊन पूर्ण वेगाने फिरतो का, ते पाहावे. हात मात्र दूर ठेवावा. मग पंख्यापासून लांब राहून कंडेन्सरवर पाण्याची हलकी धार सोडावी. लगेच गारवा वाढला, तर दोष वाऱ्याचा आहे, गॅसचा नाही. कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत किडे, धूळ आणि गवताच्या काड्यांचा थर साचतो. तो मंद धारेने धुवावा. जोराच्या फवाऱ्याने नाजूक पत्रे वाकतात. घाटाचे म्हणाल तर इंजिनावर पूर्ण ताण आला किंवा ते तापले की काही गाड्यांत कॉम्प्रेसर आपोआप थोडा वेळ बंद होतो. कसारा घाटाच्या चढावर भरलेल्या गाडीत क्षणभर असे झाले, तर तो बिघाड समजू नये. इंजिनाच्या तापमानाचा काटा वर जात असेल, तर मात्र एसी बंद करून गाडी बाजूला घ्यावी.

प्रश्न : तासाभराने झडपांतून वाराच येईनासा होतो. शिवाय डाव्या बाजूच्या पायाखाली पाणी साचते. (रत्नागिरी)

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. वारा कमी होतो, तेव्हा कूलिंग कॉइलवर बर्फ धरलेला असण्याची शक्यता मोठी आहे. एसी बंद करून नुसता ब्लोअर पंधरा मिनिटे चालवल्यावर वारा पूर्ववत झाला, तर तेच कारण समजावे. आधी केबिन फिल्टर पाहावा. बहुतेक गाड्यांत तो ग्लोव्ह बॉक्सच्या मागे असतो आणि मिनिटभरात निघतो. तो करडा होऊन पानांच्या चुऱ्याने भरला असेल, तर बदलावा. त्याने फरक पडला नाही, तर कॉइलजवळचा तापमानाचा सेन्सर आणि गॅसचे प्रमाण तपासून घ्यावे. पाणी साचते, कारण दमट हवेतून निघालेले पाणी बाहेर नेणारी नळी तुंबली आहे. ती साफ करण्याचे काम किरकोळ असते, पण ते लांबवू नये. गालिच्याखाली ओल राहून तारांचे जोड गंजतात.

प्रश्न : काचांना काळी फिल्म लावावी का? (सोलापूर)

उत्तर : लावू नये. केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १०० नुसार पुढच्या व मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि २०१२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर अशा फिल्मवर कारवाई होत आली आहे. शिवाय फिल्म जितकी काळी तितकी उष्णता कमी, असे गणित नाही. उन्हातली सुमारे निम्मी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या किरणांतून येते. गाडी उभी असताना पुढच्या काचेला चकचकीत पडदा लावावा आणि दुपारभर थांबायचे असेल, तर मागची बाजू उन्हाकडे राहणार नाही अशी उभी करावी.