परदेशी जाणाऱ्या मित्र-जोडप्याशी पत्रांवर मैत्री टिकते का?

तुम्ही विचारलंय, की तुम्ही दोघं पुरुष नऊ वर्षं एकत्र राहताय, तुमच्यासारखंच एक जोडपं तुमचं सगळ्यात जवळचं आहे, आणि ते दोघं पुढच्या महिन्यात कायमचे जर्मनीला चाललेत. व्हॉट्सअ‍ॅपवर ही मैत्री हळूहळू सणांच्या शुभेच्छांवर येऊन थांबेल अशी भीती वाटते, तर पत्रांनी काही टिकतं का?

टिकतं. आमचं २००४ पासून टिकलंय. मी आणि माझा जोडीदार मिरजेत, ते दोघं टोरांटोत.

आमची चौघांची ओळख नव्वदच्या दशकाच्या शेवटी मुंबईत झाली, सांताक्रूझला, समलिंगी माणसांसाठी काम करणाऱ्या हमसफर ट्रस्टमध्ये. पण पत्र हा प्रकार माझ्यासाठी त्याहूनही जुना. अशोक राव कवींनी १९९० मध्ये ‘बॉम्बे दोस्त’ हे समलिंगी माणसांचं नियतकालिक सुरू केलं, तेव्हा मी कॉलेजात होतो. गावोगावच्या आपल्यासारख्या माणसांची पत्रं त्यात वाचली आणि पहिल्यांदा कळलं की मी एकटा नाही. त्यामुळे ते दोघं कॅनडाला निघाले तेव्हा ‘पत्र लिहू’ हे कुणी ठरवलंसुद्धा नाही, ते धरूनच चाललो होतो. त्याच वर्षी आईचं एकटीचं होईना म्हणून आम्हीही मुंबई सोडून मिरजेला आलो.

पहिली पाच वर्षं पाकिटावर फक्त माझं नाव असायचं. आत मायना ‘तुम्हा दोघांना’ असा, पण बाहेर एकच नाव. समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा सांगणारं ३७७ कलम तेव्हा होतं, गाव लहान होतं आणि आम्हीच त्यांना तसं सांगितलं होतं. २ जुलै २००९ ला असे संबंध गुन्हा नाहीत असा दिल्ली हायकोर्टाचा निकाल आला. त्यानंतरच्या पाकिटावर दोन्ही नावं होती, देवनागरीत, ठळक, एकाखाली एक. पोस्टमन फाटकाशी थांबला आणि म्हणाला, “हे दुसरं नाव कुणाचं वो?” आई कट्ट्यावर शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता म्हणाली, “दोन्ही आमच्याच घरातली हायत. आण हिकडं.”

आईनं आमच्याबद्दल मोठ्यानं काही बोललेलं ते पहिलं वाक्य.

डिसेंबर २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो निकाल फिरवला तेव्हा टोरांटोहून फोन आला, “आता परत एकच नाव घालू का?” माझा जोडीदार म्हणाला, “दोन्ही घाल. पोस्टमनला पाठ झालीत.” हे मी इतकं सांगतोय, कारण घरात तेव्हा दुसरा एकही कागद असा नव्हता ज्यावर आमची दोघांची नावं शेजारी होती. लाइट बिल आईच्या नावावर, गॅस माझ्या, विमा ज्याचा त्याचा. ती पाकिटंच तेवढी. मी सगळी ठेवली आहेत, नुसती पत्रं नाही, पाकिटंसुद्धा.

आता तुमच्या कामाचं. दोन जोडप्यांच्या पत्रव्यवहारात एक गोष्ट हमखास होते: दोन्हीकडे लिहायची आवड असलेला एकेक माणूस असतो, तो लिहीत जातो, आणि उरलेले दोघं ‘ह्याचाही नमस्कार’ एवढ्यापुरते राहतात. आमचं पहिली तीन वर्षं तसंच झालं. मग आम्ही नियम केला: दोघांच्याही हातचं अक्षर असल्याशिवाय पाकीट बंद करायचं नाही. माझा जोडीदार हिशेबाच्या कामातला माणूस. ‘मला काय लिहिता येतंय?’ म्हणून आठवडाभर टाळायचा. शेवटी एकदा त्यानं अर्धं पान लिहिलं: मेथी दहा रुपये जुडी. समोरच्या आजोबांची सायकल विकली, ते पंधरा दिवसांपूर्वी गेले. टाकी धुतली. नदीला पाणी चढलंय, पण काळजी नाही. तिकडून उत्तर आलं की तुझं चार पानी पत्र वाचलं, छान आहे, पण ह्याचं अर्धं पान आम्ही रोज वाचतोय. तेव्हापासून त्याचं पान कधी चुकलं नाही.

आणि त्याच पानानं मला माझ्याच घरातली एक गोष्ट कळवली. २०१६ मध्ये माझं ऑपरेशन झालं. सगळी धावपळ त्यानं केली. दोन महिन्यांनी टोरांटोहून पत्र आलं, त्यात त्याच्यासाठी एक ओळ होती: “फॉर्मवर ‘भाऊ’ लिहावं लागलं ते मनाला लावून घेऊ नकोस.” मला काहीच माहीत नव्हतं. हॉस्पिटलात काउंटरवर रुग्णाशी नातं विचारलं होतं, ‘मित्र’ म्हटल्यावर ‘घरचं कुणीतरी बोलवा’ म्हणाले, आणि यानं मुकाट्यानं ‘भाऊ’ लिहून सही केली. मला त्रास नको म्हणून मला सांगितलं नाही. पण कुठेतरी सांगायला हवंच होतं, आणि समजून घेणारं दुसरं कोण होतं? ते आपल्यासारखंच घर होतं म्हणून सांगता आलं. माझ्या भावंडांना किंवा त्याच्या ऑफिसातल्यांना हे समजावताना निम्मं बळ ‘का’ हे सांगण्यातच गेलं असतं. ते पत्र हातात धरून मी त्या दिवशी त्याच्याशी बोललो. फोनवर हे कधीच निघालं नसतं, कारण फोनवर आम्ही चौघं एकदम असतो आणि सगळे बरे असतो.

एक वाईट काळही आला. २०११ मध्ये तिकडून आठ महिने पत्र नाही. फोन उचलले जायचे, पण बोलणं तुटक. दोघांचं बिनसलंय एवढा अंदाज आला. आम्ही लिहीत राहिलो. प्रश्न एकच होता, पाकिटावर दोन्ही नावं घालायची की एक? ते दोघं एका घरात आहेत की नाहीत हेही ठाऊक नव्हतं. आम्ही दोन्ही घातली, दर वेळी. पुढे कळलं की एकजण वेगळ्या खोलीत राहायला गेला होता आणि आठवड्यातून एकदा आपलं टपाल न्यायला जुन्या घरी यायचा. आमची पत्रं दोघांच्या नावानं, म्हणून ती दोघांनी मिळूनच उघडायची असं त्यांचं चालायचं. पत्रांमुळे ते परत एकत्र आले असं मी म्हणणार नाही, त्यासाठी त्यांनीच खूप काही केलं. पण ती पत्रं फोडायला ते टेबलाशी बसायचे, हे खरं.

२०२३ च्या ऑक्टोबरमध्ये सुप्रीम कोर्टानं आपल्याला लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला, तेव्हा मी महिनाभर काही लिहिलं नाही. जोडीदाराचं एकट्याचं पान गेलं, नियम मोडून. मग ऑगस्ट २०२४ मध्ये अर्थ मंत्रालयानं स्पष्ट केलं की आपल्यासारख्यांना संयुक्त बँक खातं उघडायला आणि जोडीदाराला नॉमिनी करायला आडकाठी नाही. आम्ही खातं उघडलं. पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स काढून नोव्हेंबरात टोरांटोला पाठवली आणि नेमका तिकडे टपाल कर्मचाऱ्यांचा संप लागला. पत्र पोचलं जानेवारीत. उत्तरात पाकिटाची नावं या वेळी पासबुकावर आहेत त्याच क्रमानं, त्याच स्पेलिंगनं लिहिलेली होती.

तेव्हा तुम्ही लिहाच. उत्तराला दोन-तीन महिने लागले तर रागावू नका, आणि फोनवर सांगून झालेलं पुन्हा लिहायला लाजू नका, कागदावर ते वेगळंच येतं. आणखी एक, जर्मनीत पत्र टपालपेटीवरच्या नावावर पोचतं, नाव नसेल तर परत जातं. त्यांना सांगा, घर मिळालं की पेटीवर दोघांची आडनावं लावा. आणि पत्ता हाती आला की त्याच दिवशी पहिलं पाकीट टाका, दोन्ही नावं घालून.