पापण्यांची कॉस्मेटिक सर्जरी किती दुखते, किती दिवस घरी बसावं लागतं? कुणी केली आहे का?

केली आहे मी. दोन वर्षं झाली, इथे इंदूरलाच, वरच्या दोन्ही पापण्यांची, तेव्हा 56 पूर्ण होती.

दुखत नाही. भुलीची सुई टोचते तेवढंच, मग तासभर नुसतं ओढल्यासारखं वाटतं. खरा त्रास घरी आल्यावर, आणि तो डोळ्यांचा कमी, माणसांचा जास्त. तिसऱ्या दिवशी पापण्या सुजून जांभळ्या झालेल्या, मलमामुळे सगळं धूसर, मी रामबागेतल्या घरी तीन उशांना टेकून बर्फाच्या पाण्यात पिळलेला रुमाल डोळ्यांवर ठेवून पडले होते, तेवढ्यात वन्सं पोहे घेऊन हजर, वर शेव-जिरावणाची वेगळी पुडी. डबा ओट्यावर ठेवला आणि म्हणाल्या, "अगं, सून यायची वेळ झाली आणि तू हे काय करून बसलीस?" मी गप्प बसले.

आता सांगते. माझी कातडी पापणीच्या केसांवर टेकायची, काजळ लावलं की अर्ध्या तासात वर छापा उठायचा. दिवसभर कपाळ वर ओढून बघायचं आणि संध्याकाळी डोकं ठणकायचं. शाळेत मुलं विचारायची, बाई, बरं नाही का? आणि हो, मला चांगलं दिसायचंही होतं. केस रंगवले, दात बसवले तर कुणी वय काढत नाही, मग पापणीनेच काय पाप केलंय?

सहाव्या दिवशी टाके काढले, पंधराव्या दिवशी शाळेत गेले. खूण काही महिने गुलाबी होती, आता घडीत लपते. डोळे कोरडे पडतात, ड्रॉप्स दोन महिने घातले. खर्च डॉक्टरप्रमाणे बदलतो, तिथेच विचारा.

हां, एक राहिलं, डोळ्यांखालची काळी वर्तुळं याने जात नाहीत. पापणीचा स्नायूच सैल असेल तर ते ऑपरेशन वेगळं, म्हणून आधी डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवा. थायरॉइड, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, सगळं सांगा, गोळी मनाने बंद करू नका. आणि नंतर एका डोळ्यात अचानक जोरात दुखलं किंवा दिसेनासं झालं तर रात्र असली तरी त्याच क्षणी हॉस्पिटल गाठा, सकाळची वाट बघू नका.

आणि सासरी तारीख सांगू नका. आमच्या वन्सं अजून चारचौघांत म्हणतात, हिने डोळे करून घेतले. हो, घेतले. माझ्या पगारातून घेतले.