क्रूगरला स्वतः गाडी चालवत जायचंय? आधी बेत अर्धा करा

आई-बाबा, तुम्ही दोघं आणि चार वर्षांची मुलगी. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात मे महिन्यात सहा रात्री, पाच कॅम्प आणि वर उत्तरेकडच्या पुंडा मारिया कॅम्पपर्यंत, असा तुमचा बेत आहे. महिना उत्तम निवडलात. पाऊस संपलेला असतो, गवत वाळू लागतं आणि जनावरं पाणवठ्यांकडे सरकू लागतात. पण पुंडा मारिया यावेळी सोडा.

क्रूगर उत्तर-दक्षिण साधारण 350 किलोमीटर आहे. वेगमर्यादा डांबरी रस्त्यावर 50, कच्च्यावर 40. तरी हिशोब ताशी 25 नेच धरा, कारण गाडी सारखी थांबणारच. लोअर साबी ते सतारा या दोन कॅम्पमधलं अंतर सुमारे 93 किलोमीटर, म्हणजे अख्खी सकाळ. त्यात मे महिन्यात कॅम्पचं फाटक सकाळी 6 ला उघडतं आणि संध्याकाळी 5.30 ला बंद होतं. उशीर झाला तर दंड बसू शकतो. रोज कॅम्प बदलला तर सिंह-बिबटे दिसण्याचे नेमके तास सामान भरण्यात जातात.

माझ्या मते अशी विभागणी करा. जोहान्सबर्गला उतरल्यावर एन-4 महामार्गाने एम्बोम्बेला शहरापर्यंत जाऊन मुक्काम. अंधारात या रस्त्यावर गाडी चालवू नका. दुसऱ्या दिवशी क्रोकोडाइल ब्रिज गेटने आत शिरून दोन रात्री लोअर साबी. कॅम्पजवळचं सनसेट डॅम आणि स्कुकुझाकडे जाणारा नदीकाठचा एच 4-1 रस्ता, एवढ्यावरच एक दिवस सहज जातो. मग एच 10 ने त्शोक्वानेमार्गे साताऱ्याची आठवण करून देणाऱ्या सताराला, दोन रात्री. इथली जमीन बेसॉल्टची, गवत सकस. म्हणून चरणारे कळप मोठे आणि त्यांच्या मागे सिंह. पहाटे फाटक उघडताच एस 100 रस्ता धरा. शेवटची रात्र स्कुकुझा आणि फाबेनी गेटने बाहेर. आरक्षण सॅनपार्क्सच्या (तिथल्या राष्ट्रीय उद्यानांच्या संस्थेच्या) संकेतस्थळावर साधारण 11 महिने आधी उघडतं. लोअर साबी आणि सतारा लवकर भरतात. परदेशी पर्यटकांना प्रवेशशुल्क माणशी, रोजचं असतं. वाइल्ड कार्डची (उद्यानांच्या वार्षिक सदस्यत्वाची) किंमत त्या बेरजेशी ताडून बघा, मगच घ्या.

गाडी फोर-बाय-फोर नको, मुख्य रस्ते डांबरी आहेत. पण पाच सीटच्या गाडीत मधल्याला काही दिसत नाही. अर्टिगासारखी गाडी बरी, आणि ऑटोमॅटिक मिळाली तर उत्तम. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. आरटीओतून आंतरराष्ट्रीय परवाना काढा आणि मूळ परवानाही सोबत ठेवा. क्रेडिट कार्ड चालकाच्याच नावाचं हवं, अनामत त्यावर अडकवतात. टायर आणि काचा विम्यात आहेत का, ते करारात वाचा. साध्या विम्यात त्या बहुधा नसतात.

खरा धोका सिंहांचा नाही, हत्तींचा. कानशिलावरून मद गळतोय, मागचे पाय लघवीने ओले आहेत, असा नर म्हणजे माजावरचा. तो रस्त्याने चालत येत असेल तर बाजूने काढायचा प्रयत्न करू नका. इंजिन चालू ठेवून मागे घ्या, वळण असेल तर वळणापलीकडे. पिल्लं असलेल्या कळपाच्या मधून गाडी घालू नका. मागे दुसरी गाडी चिकटली असेल तर माघारीची वाट बंद होते, म्हणून अंतर आधीपासून राखा. नेमून दिलेल्या जागांखेरीज खाली उतरायचं नाही, खिडकीतून अंग बाहेर काढायचं नाही. मुलीला नीट समजावून ठेवा. लघुशंकेची सोय कॅम्प आणि पिकनिक स्पॉटवरच आहे, तेव्हा निघताना ते आटोपून घ्या.

सॅनपार्क्सच्या उघड्या ट्रकमधली रात्रफेरी सहा वर्षांखालच्या मुलांना चालत नाही. तुमच्यापैकी दोघं जा, दोघं मुलीपाशी थांबा.

मे हा मलेरियाच्या हंगामाचा शेवट असला तरी हंगामच आहे. निघण्याआधी काही आठवडे डॉक्टरांना भेटा, मुलीच्या मलेरियाप्रतिबंधक औषधाच्या मात्रेसाठी खासकरून. परतल्यावर ताप आला तर आफ्रिकेहून आल्याचं आधी सांगा.

शाकाहारी असाल तर स्वयंपाकाची सोय असलेलं बंगलो घ्या. डाळ-तांदूळ एम्बोम्बेलातच भरा, कॅम्पच्या दुकानात निवड कमी असते. स्वयंपाकाचा ओटा बऱ्याचदा व्हरांड्यातच असतो. फ्रिज आणि कपाटाची कडी घातल्याशिवाय हलू नका, माकडं टपलेलीच असतात.