गिरणीची जागा, तलावाचा काठ आणि पोरांचं ग्राउंड

प्रश्न : दादा, आम्ही विजापूर रोडला राहतो. पोरं संध्याकाळी रस्त्यावरच क्रिकेट खेळतात, गाडी आली की स्टंप उचलायचे, गेली की परत लावायचे. गावात एवढ्या गिरण्या बंद पडल्या, सिद्धेश्वर तलाव आहे, कंबर तलाव आहे, मग त्या जागांवर खेळायची सोय का होत नाही? असलं फक्त फॉरेनलाच जमतं का?
- एक वाचक, सोलापूर

उत्तर : ताई, आपल्यालाही जमेल की. जर्मनीत डुइसबुर्गला लोखंडाचा कारखाना 1985 ला बंद पडला, तो पाडला नाही, तसाच ठेवून त्याचा पार्क केला. खनिज साठवायच्या काँक्रीटच्या भिंतींवर आता लोक क्लायंबिंग करतात आणि गॅसच्या जुन्या टाकीत पाणी भरून डायव्हिंग करतात! आपल्याकडं गिरणी बंद पडली की आधी मशिनं भंगारात, मग पत्रे, मग प्लॉट, हे बघून जीव तुटतो.

पण नुसतं सपाट करून गोलपोस्ट रोवले असं नको. लंडनला 2012 च्या ऑलिंपिकसाठी ली नदीच्या काठची कारखान्यांची जमीन घेतली तेव्हा मातीत तेल, डांबर, आर्सेनिक, शिसं निघालं, ती माती तिथंच धुवून परत वापरली आणि मग स्टेडियम उभं राहिलं. गिरणीच्या आवारात बॉयलरची राख, रंगखात्याचं पाणी, ट्रान्सफॉर्मरचं तेल असं वर्षानुवर्षं मुरलेलं असू शकतं, आणि पोरं पडणार, धूळ तोंडात जाणार, म्हणून माती लॅबमध्ये तपासल्याशिवाय काम सुरूच करू नये. त्यात आपली काळी माती, उन्हाळ्यात भेगा आणि पावसात चिखल, तिच्यावर डायरेक्ट ग्राउंड टिकत नाही, वरचा थर काढून मुरूम टाकून, पाणी मारून रोलर फिरवावा लागतो आणि पाणी निघून जायला उतार द्यावा लागतो.

तलावाचं म्हणाल तर आधी ड्रेनेजचं पाणी बंद, मग बाकीचं. सांडपाणी येत राहिलं तर जलपर्णी कितीही काढा, परत वाढते, आणि त्या वासात जॉगिंग कोण करणार? कंबर तलावावर पक्षी येतात, त्यामुळं एक काठ त्यांना पूर्ण सोडावा, तिकडं फ्लडलाइट नको, स्पीकर नको.

आता सगळ्यात महत्त्वाचं, कागद. मुंबईत 1991 च्या नियमाप्रमाणं गिरणीच्या जमिनीतला साधारण एक तृतीयांश भाग मोकळ्या जागेसाठी, तेवढाच म्हाडाला म्हणजे सरकारी गृहनिर्माण संस्थेला घरांसाठी द्यायचा होता. 2001 ला नियम बदलला, हा वाटा फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीवर मोजायचं ठरलं, 2006 ला सुप्रीम कोर्टानंही ते मान्य केलं, आणि शहराला मिळणारी केवढी तरी जागा हातची गेली. एका वाक्याच्या बदलात! आपल्याकडंही नगररचनेच्या एमआरटीपी कायद्यात कलम 127 आहे, विकास आराखड्यात मैदानाचं आरक्षण पडलं, म्हणजे जागा मैदानासाठी राखून ठेवली, आणि दहा वर्षांत जागा ताब्यात घेतली नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, त्यानंतर 24 महिन्यांत पालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. कुणाला पत्ताही लागत नाही ओ.

म्हणून महापालिकेच्या नगररचना विभागात जाऊन तुमच्या भागाचा भाग नकाशा (विकास आराखड्यातला तेवढाच तुकडा) आणि झोन दाखला (जागा कशासाठी ठरवली आहे त्याचा कागद) मागा, मैदानाचं आरक्षण कुठं आहे, त्याचा क्रमांक काय, नोटीस आली आहे का ते विचारा, तोंडी उत्तर दिलं तर माहिती अधिकारात अर्ज टाका. आणि मागणी करताना एकदम मोठ्या स्टेडियमची करू नका. कबड्डीला 13 बाय 10 मीटर पुरतं, खो-खोला 27 बाय 16, म्हणजे गिरणीच्या एका कोपऱ्यातही दोन्ही बसतात. गेट सकाळ-संध्याकाळ फुकट उघडं राहील आणि पोरींसाठी टॉयलेट, लाइट असेल, हे त्या मागणीच्या अर्जातच लिहा, नाहीतर चांगलं झालेलं ग्राउंड तासावर भाड्यानं जातं आणि पोरं परत रस्त्यावर.