नव्या मुख्याध्यापकांनी पहिल्या सत्रात एवढंच करावं
अभिनंदन, सर! शिक्षकांकडून उत्तम काम कसं होईल, असं विचारलंत. सुरुवातीला तीनच गोष्टी धरा.

पहिली आणि सगळ्यात मोठी: वर्गात जा. रोज एक वर्ग, 10 मिनिटं, मागच्या बाकावर, हातात वही-पेन न घेता. जे पाहिलं ते त्याच दिवशी त्या शिक्षकांना नेमकं सांगा. नुसतं "छान शिकवता" म्हणून काही हाती लागत नाही. "चुकलेल्या मुलीलाच गणित पुन्हा मांडायला दिलंत, तेव्हा सगळा वर्ग विचार करायला लागला" हे लक्षात राहतं. सुधारणा एका वेळी एकच सुचवा, तीही एकांतात. मी एकदा एका शिक्षिकेची चूक सगळ्यांसमोर काढली. त्यानंतर वर्षभर त्या बैठकीत बोलल्या नाहीत. त्याची खंत मला आजही आहे.

दुसरी, त्यांचा वेळ वाचवा. जी सूचना कागदावर देता येते, तिच्यासाठी बैठक नको.

तिसरी, पालकांची तक्रार आली तर शिक्षकांची बाजू ऐकल्याशिवाय निकाल देऊ नका.

नवे लोक हमखास चुकतात ते इथे: आल्या आल्या सगळंच बदलायला घेतात, आणि प्रत्येक काम त्याच दोन उत्साही शिक्षकांवर टाकतात. मूल्यमापनाचे तक्ते वगैरे नंतर बघू. उद्या पहिल्या तासाला एखाद्या वर्गात जाऊन बसा.