सासबहूच्या देवळापासून सुरू कर

लश्कर, ग्वाल्हेर

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

तुझं हस्तलिखित दोनदा वाचलं. पहिल्यांदा गोष्टीसाठी, दुसऱ्यांदा हातात पेन्सिल घेऊन. खून चांगला रचला आहेस. पण किल्ल्यावर फिरणारी ती पांढऱ्या साडीतली बाई मला खटकली. ती कुठल्याही गावात खपली असती, आपल्या ग्वाल्हेरची वाटली नाही. त्याबद्दलच लिहायला बसले आहे.

मी दिवसभर सरकारी कचेरीत हिशेब तपासायची आणि रात्री स्वयंपाकघर आवरता आवरता सासूबाईंकडून किल्ल्याच्या गोष्टी ऐकायची. तपासणीची सवय हाडात मुरलेली, त्यामुळे ऐकताना मनात प्रश्न यायचे. ही नोंद केली कुणी? आणि तिची पावती कुठे आहे? माझ्या सगळ्या कादंबऱ्या या दोन प्रश्नांतून निघाल्या.

सासबहूचं देऊळ बघ. लोक सांगतात, सासू विष्णूची भक्त आणि सून शंकराची, म्हणून दोन देवळं. मोठं देऊळ १०९३ साली महीपाल राजाच्या काळात पुरं झालं आणि ते विष्णूचं आहे. नावाचा उलगडा बहुधा असा करतात की ते मुळात ‘सहस्रबाहू’, पुढे बोलता बोलता ‘सासबहू’ झालं. म्हणजे आधी शब्द घसरला आणि मग त्या घसरलेल्या शब्दाला शोभेल अशी सासू आणि सून जन्माला आली. रहस्यकथा लिहिणाऱ्याला यापेक्षा मोठं देणं कोणतं! साक्षीदार एक शब्द चुकीचा ऐकतो, मोहल्ला त्यावर अख्खी हकिकत रचतो आणि तपास करणारा त्या हकिकतीमागे धावत राहतो. कुणीही खोटं बोललेलं नसतं. माझ्या दुसऱ्या कादंबरीचा सांधा हाच होता.

आता गंगाजळी. शिंद्यांचा खजिना किल्ल्याच्या तळघरांत होता आणि तिथे पोचायची खूण, म्हणजे बीजक, फक्त गादीवरच्या महाराजांना ठाऊक असे, असं आपण लहानपणापासून ऐकतो. १८५८ नंतर किल्ला इंग्रजांकडे गेला, तो १८८६ साली झाशीच्या बदल्यात परत मिळाला. त्याच वर्षी जयाजीराव महाराज वारले. त्यांचे चिरंजीव माधवराव तेव्हा दहाव्या वर्षात होते. बीजक त्यांना सांगायचं राहून गेलं, आणि पुढे किल्ल्यात चालताना त्यांचा पाय घसरला, आधारासाठी खांब धरला, तो कलला आणि तळघर उघडलं, असं सांगतात.

सगळे त्या खांबाशी थांबतात. तू थांबू नकोस. मधली २८ वर्षं बघ. किल्ल्यावर परकी फौज, आणि खाली शहरात ज्यांनी कधीतरी तळघराचा दगड बसवला असेल, पेट्या वाहिल्या असतील, दिवटी धरली असेल, ती माणसं म्हातारी होत चाललेली. त्यांतल्या कुणी मरताना मुलाच्या कानात काय सांगितलं असेल? की काहीच नाही? कागदपत्रांत हे सापडत नाही, कादंबरीची जागा तिथेच आहे. तुझ्या पांढऱ्या साडीऐवजी मला असा एक गवंडी दे.

लोकरीतीचा आणखी एक उपयोग सांगते, कारण तुझ्या नवव्या प्रकरणाला तो लागू पडेल. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा गोड होतो, ही श्रद्धा. गाणाऱ्यांनी पाला ओरबाडून ओरबाडून जुनं झाड संपवलं, आज आहे ते नंतरचं. रीत माणसाला ठरलेल्या जागी आणते, ठरलेली गोष्ट तोंडात घालायला लावते. खुन्याला आणखी काय हवं? मी ते वापरलं. पण शेवटी खुनी सापडला तरी चिंचेला मी हात लावला नाही. मेलेल्या गवयाची मुलगी शेवटच्या पानावर तिथे येते आणि पाला चघळते. गुन्ह्याची उकल पूर्ण कर, एकही धागा लोंबकळत ठेवू नकोस. मात्र ज्यांची ती श्रद्धा आहे त्यांना खुळ्यात काढू नकोस. वर्षानुवर्षं ज्या लोकांनी गोष्ट सांभाळली, त्यांच्याच घरातून आपण ती उचललेली असते.

पोटापाण्याचं थोडक्यात. नोकरी सोडू नकोस, निदान तीन पुस्तकं येईपर्यंत. दिवाळी अंकांना कथा पावसाळ्यातच पाठव, दसऱ्याला विचारणाऱ्याला जागा नसते. माझ्या पहिल्या प्रकाशकाने मला कथानक कोकणात न्यायला सांगितलं होतं, भुतं तिथलीच चालतात म्हणून. मी नाही म्हटलं आणि ते बाड चार वर्षं कपाटात राहिलं. त्या चार वर्षांचं दुःख अजून आहे, नकाराचं नाही. करार मात्र नीट वाच. भाषांतर, ऑडिओ, चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घे. हक्क किती काळासाठी दिले ते करारात नसेल, तर कायदा ती मुदत ५ वर्षं धरतो. हे मला फार उशिरा कळलं.

हस्तलिखित पेन्सिलच्या खुणांसकट परत देते आहे. रविवारी सकाळी सातला उरवाई फाटकाशी ये. मी तिथवर रिक्षाने येईन, पुढे सावकाश चढू. सासबहूच्या देवळाशी बसून नववं प्रकरण मला मोठ्यानं वाचून दाखव. पाणी घेऊन ये, वर ऊन लवकर तापतं.

तुझी,
मावशी