पावती खरी, देणगी खोटी

प्रिय ताई,

रिटर्न भरून देणाऱ्या एजंटाच्या सांगण्यावरून तुम्ही २०२३-२४ मध्ये एका नोंदणीकृत राजकीय पक्षाला बँकेतून २ लाख रुपये दिलेत. कमिशन कापून १ लाख ९० हजार रोखीने परत आले. प्राप्तिकर कायद्याच्या कलम ८०जीजीसीखाली (राजकीय पक्षांना दिलेल्या देणगीवरची सवलत) वजावट दाखवली आणि ६२,४०० रुपयांचा रिफंड मिळाला. आता ‘दावा तपासून पाहा’ असा प्राप्तिकर खात्याचा ईमेल आलाय, आणि एजंट म्हणतो, पावती आहे, गप्प बसा.

गप्प बसू नका. पैसे परत आले तिथेच देणगी संपली. पावती आणि बँकेची नोंद ती पुन्हा उभी करू शकत नाही. एजंटाकडे छापा पडला की त्याच्या वहीत तुमचं नाव निघतं. जुलै २०२५ मध्ये खात्याने देशभर दीडशे ठिकाणी अशीच तपासणी केली होती.

अजून फक्त ईमेल आहे, जुनं रिटर्न पुन्हा तपासायला उघडणारी कलम १४८ची नोटीस नाही, हे तुमचं भाग्य. अपडेटेड रिटर्न, म्हणजे जुनी चूक उशिरा दुरुस्त करणारं रिटर्न, भरून दावा मागे घ्या. बुडालेला कर, त्यावरचं व्याज, आणि ३१ मार्च २०२७ पर्यंत भरलंत तर या दोन्हींच्या बेरजेवर ५० टक्के जादा कर. पुढच्या वर्षी तेच ६० टक्के होईल. रक्कम टोचेल, मान्य. पण खोटी माहिती दिल्याचं ठरलं तर दंडच कराच्या २०० टक्के, म्हणजे तुमच्या बाबतीत १,२४,८०० रुपये. शिवाय कलम २७६सीखाली करचुकवेगिरीच्या खटल्याची टांगती तलवार. एकदा नोटीस आली की खर्चही वाढतो आणि मोकळीकही कमी होते.

‘मला माहीत नव्हतं’ असं लिहायचा मोह होईल. रोख रक्कम तुम्ही स्वतः हातात घेतली आहे. ते लिहू नका. मागून पावत्या किंवा पत्रं तयार करून देतो असं कुणी म्हटलं तर त्याला दारातूनच परत पाठवा. आज निस्तरण्याजोगी चूक त्याने गुन्ह्यात बदलेल.

एक गोष्ट आजच करा. प्राप्तिकर पोर्टलवर लॉगिन करून मोबाइल क्रमांक आणि ईमेल पाहा. असे एजंट बरेचदा स्वतःचाच ईमेल टाकतात, मग नोटिसा तुमच्यापर्यंत पोहोचतच नाहीत. पासवर्ड बदला. तुमच्या एजंटाचे व्हॉट्सॲप संदेश मात्र पुसू नका. चौकशी झाली तर पुढाकार कुणाचा होता हे त्यांतूनच दिसेल. रिटर्न त्याच्याकडून नको, सनदी लेखापालाकडून भरून घ्या, आणि तुमच्या कामाच्या ठिकाणच्या ज्या सहकाऱ्यांनी हेच केलंय त्यांनाही ३१ मार्च २०२७ ही तारीख सांगा.